हिरव्यातली जागा

पोर्टअर्डल, १४ जानेवारी

प्रिय स्ट्रुअन,

उत्तर येणार नाही हे धरूनच लिहितेय, तेव्हा मनावर ओझं घेऊ नकोस. आई म्हणते, "तो वाचतो. वाचायचं नसतं तर पत्ता कशाला कळवला असता?" आईचा तर्क. त्याच्यापुढे मी आजवर टिकलेले नाही, तूही नाहीस.

तुझ्याकडे, पृथ्वीच्या त्या टोकाला, डनीडिनमध्ये उन्हाळा असेल. इथं खिडकीच्या आतल्या बाजूलाही थंडी बसलेली आहे. आई बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण तिच्या म्हणण्याप्रमाणे तो बाबांच्या बाजूचा गुडघा आहे, म्हणून कुरकुरतो.

पत्राचं कारण असं. आपलं बंदर बांधलं त्याला या उन्हाळ्यात दोनशे वर्षं होतात. त्यासाठी गावानं स्वतःच्या रंगीत चौकड्यांचं कापड, स्वतःचं टार्टन करायचं ठरवलंय. कुळाचं नाही, गावाचं. इथं राहणाऱ्या, इथून गेलेल्या, उद्या राहायला येणाऱ्या कोणालाही अंगावर घालता येईल असं. आणि ते विणायला समितीनं मला सांगितलं. मी त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हटलं. नंतर घरी येऊन डायरीत लिहिलं की एवढी घाई कशाची होती. उत्तर मला माहीत होतं, पण ते डायरीतही लिहिलं नाही.

समितीवर टॉर्क्विलकाका आहे. तुला हे दुसरीकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. शवपेट्या करायचं आणि पुरायचं काम त्यानं आता त्याच्या मुलावर, मुर्डोवर सोपवलंय, त्यामुळे गावातल्या जिवंत माणसांच्या भानगडीत पडायला त्याला भरपूर वेळ आहे. पहिल्याच बैठकीत म्हणाला, "कापड कुळाचं असतं. गावाचं म्हणजे काय, बसथांब्याचं?" आणि बिस्किटांची ताटली स्वतःकडे ओढून घेतली.

शाळेत आठवड्यातून तीन दिवस चित्रकला शिकवते, उरलेल्या दिवसांत मागावर बसते. मागाच्या खोलीतला हीटर तू दुरुस्त केलेला तोच आहे. तोही कुरकुरतो.

तुझी,
मार्साली

पोर्टअर्डल, ९ फेब्रुवारी

प्रिय स्ट्रुअन,

समितीनं बजावलंय की लोकांना विचारून रंग ठरवायचे. म्हणून मी वही घेऊन दारोदार फिरतेय, आणि एवढ्या दिवसांत चहा इतका प्यायलाय की मला स्वतःचा तपकिरी रंग सुचायला लागलाय.

मासेवाल्या मिसेस गेडिसना हॅडॉकच्या पाठीवरचा करडा हवा. झकारींच्या आइस्क्रीमच्या दुकानात म्हाताऱ्यानं पिस्त्याचा हिरवा दाखवला, त्याच्या सुनेनं त्याच्यामागून हातानं नको म्हणून खूण केली. सहावीच्या वर्गात एका मुलीनं तिच्या कुत्र्याचा रंग सुचवला आणि कुत्रा वर्गाबाहेर बांधलेलाच होता, म्हणून सगळ्यांनी जाऊन पाहिला. वाईट नव्हता रंग.

निझारला तू ओळखत नाहीस. तू गेलास त्यानंतर थोड्याच दिवसांत तो आणि त्याची बायको सीरियातून इथं आले. ड्रमंडचं केशकर्तनालय आता तो चालवतो. मी विचारलं, तुझ्या मनात कोणता रंग? तर म्हणाला, "माझ्याकडे केस कापायला येणाऱ्यांचा पांढरा. रोज झाडून टाकतो मी, पोतं भरेल." मी हसले आणि खरोखरच वहीत 'पांढरा' असं लिहून घेतलं.

काका अजून फाटेच फोडतोय. परवा म्हणाला, "ज्याला घालायला हक्काचं कापड नाही, त्याच्यासाठीच हे चाललंय ना सगळं?" माझ्याकडे बघून म्हणाला. मी म्हटलं, हो. त्याला वाद घालायचा होता आणि मी वाद दिला नाही.

बाबांच्या दफनाचा विषय काढायचा नाही असं मी ठरवलं होतं. पण तो न काढता या कापडाबद्दल लिहिणं म्हणजे मागावर ताणा न चढवता धोटा फिरवत बसणं. शवपेटी खड्ड्यात उतरवायच्या आठ दोऱ्या, आठ माणसांच्या हातात. डोक्याकडची पहिली दोरी थोरल्या मुलाची, हे या गावात कुत्र्यालाही ठाऊक आहे. काकानं ती मुर्डोच्या हातात दिली आणि तुला सहावी, गुडघ्याजवळची. "रक्ताच्या क्रमानं," म्हणाला. आई-बाबांनी तुला दत्तक घेऊन घरी आणलं तेव्हा तू चार वर्षांचा होतास आणि माझा अजून पत्ताही नव्हता. म्हणजे त्या घरात माझ्याआधी तू होतास. रक्ताचा क्रम म्हणे.

आणि मग हॉलमध्ये चहाच्या वेळी तू कमरेला नेसलेल्या कुळाच्या कापडाच्या किल्टकडे बघून काकाचं ते वाक्य. "उसन्या कपड्याला ऊब असते, हक्क नसतो." मी काकाशी भांडले, आईला कशाचं भान नव्हतं, आणि तू गाडीत जाऊन कपडे बदललेस. किल्ट आईच्या पलंगावर घडी करून ठेवलीस. इतकी नीट घडी, स्ट्रुअन. तशी घडी आपण दुकानात परत करायच्या वस्तूची घालतो.

ती अजून कपाटात आहे. आई दर वसंतात बाहेर काढते, कसर बघते, परत ठेवते.

तुझी,
मार्साली

पोर्टअर्डल, २ मार्च

प्रिय स्ट्रुअन,

यासोबत एक तुकडा आहे. तळहाताएवढाच, पण पूर्ण नक्षी त्यात येते. खिडकीशी नेऊन बघ, दिव्याखाली नको.

आवडला का, असं विचारणार होते. नाही विचारत. तूर्त कोणता रंग कशासाठी ते सांगते, कारण टार्टनची सरकारदरबारी नोंदणी करताना हे लिहून द्यायची रीत आहे. हिरवा आहे तो गावच्या जुन्या घराण्यांचा. निळा मच्छीमारांचा. तांबूस, कौलांसारखा, तो बंदर बांधायला आलेल्या दगडफोड्यांचा, त्यातले बरेच मग इथंच राहिले. आणि हिरव्याच्या बरोबर मधून जाते ती बारीक पांढरी रेघ बाहेरून आलेल्यांची. झकारी, निझार, कोळंबीच्या कारखान्यातल्या पोलिश बायका. ज्यांना ज्यांना कोणी कधी विचारलं असेल की तू नक्की कुठला, त्या सगळ्यांची. मुद्दाम हिरव्याच्या काळजातून नेली आहे ती. तिच्याशिवाय ते कापड नुसतं जाजमासारखं दिसतं, मी करून पाहिलं.

ती ओढताना मी कोणाचा विचार करत होते ते तुला सांगायला नको.

समितीनं टाळ्या वाजवल्या. मिसेस गेडिसनी डोळे पुसले. काका म्हणाला, "बारीक आहे ते एक बरं." निझारला दाखवलं तेव्हा त्यानं तुकडा डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आणि म्हणाला, "मी एवढा बारीक? बायको खूश होईल." मग तुकडा परत दिला. आम्ही दोघंही हसलो. पण घरी येताना मला त्याचं हसणं नाही आठवलं, तुकडा परत देतानाचा हात आठवला. वस्तू पाहून झाली की दुकानदाराला परत देतात ना, तसा. कदाचित मी उगाच अर्थ काढतेय. मला ती खोड आहे, तू नेहमी म्हणायचास.

तुझी,
मार्साली

पोर्टअर्डल, २८ मार्च

प्रिय स्ट्रुअन,

तुझं कार्ड आलं.

पोस्टमननं ते आईच्या हातात दिलं, आणि कार्ड उघडं असल्यामुळे माझ्याआधी त्यानं, आईनं आणि बहुधा शेजारच्या मॉरागनं वाचलं. आईनं मला शाळेत फोन केला. इतक्या वर्षांत तुझं अक्षर! मी वर्गाला कुत्र्याचं चित्र काढायला सांगून घरी आले.

समोर अल्बाट्रॉस पक्ष्याचं चित्र. मागे दोन ओळी. "कापड सुंदर आहे. मला वाटायचं मी हिरव्यात आहे."

मी ते उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं. पहिल्यांदा मला राग आला, हे लिहिते, कारण लपवण्यात अर्थ नाही. वाटलं, इतकं प्रेमानं केलं त्याला हे उत्तर? आईला म्हटलं, बघ काय लिहिलंय. आई बटाटे सोलत होती. म्हणाली, "बरोबर लिहिलंय." आणि सोलत राहिली.

मी कार्ड खिशात घालून निझारकडे गेले. का, ते नीट सांगता येणार नाही. त्याचा तो परत देणारा हात डोक्यातून जात नव्हता. खुर्चीत कोणीतरी तोंडावर गरम टॉवेल घेऊन पडलेलं होतं, निझार वस्तरा पुसत होता. मी म्हटलं, खरं सांग, ती रेघ तुला आवडली नाही ना?

तो म्हणाला, "छान आहे ती."

"निझार."

त्यानं वस्तरा खाली ठेवला. म्हणाला, "आमच्याकडे पाहुणा आला की सगळ्यात चांगली बशी काढतात. सोनेरी काठाची. पहिल्या दिवशी फार बरं वाटतं. पुढच्या वर्षीही तीच बशी आली तर माणूस म्हणतो, ठीक आहे, प्रेमानं देतात. पण मार्साली, माझी मुलगी इथं जन्मली. तिच्याही पुढ्यात तुम्ही सोनेरी बशी ठेवलीत. मला आता घरातला टवका उडालेला कप हवाय. जो कोणीही उचलतो, तो."

मी खिशातून कार्ड काढलं आणि त्याला वाचून दाखवलं. हा माझा भाऊ, म्हटलं. थोरला. चार वर्षांचा असताना आमच्या घरी आला. माझ्या काकानं त्याला सांगितलं की तुझं कापड उसनं आहे, आणि तो पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला गेला. आणि मी काय केलं? काकानं त्याला हिरव्यातून बाहेर काढलं, मी त्याला रेशमी दोऱ्यानं बाहेर काढलं. मी प्रेमानं केलं एवढाच फरक.

निझार माझ्याकडे न बघता खुर्चीकडे बघत होता. म्हणून मीही बघितलं. टॉवेलखाली चेहरा दिसत नव्हता, पण खाली बूट दिसत होते. तपकिरी, दोन वेळा तळ बदललेले. दर शुक्रवारी काका दाढी करून घेतो हे मला ठाऊक असायला हवं होतं.

टॉवेल हलला नाही. मी तशीच बाहेर आले.

मी तुझी क्षमा मागणार नाही, तुला ते आवडत नाही. रेघ ओढली की दोन बाजू तयार होतात, एवढी साधी गोष्ट मी मुलांना पहिल्या तासाला शिकवते. ती मला तुझ्याकडून दोन ओळींत शिकावी लागली, याबद्दल मात्र वाईट वाटून घेण्याचा हक्क मी राखून ठेवते.

तुझी,
मार्साली

पोर्टअर्डल, २१ एप्रिल

प्रिय स्ट्रुअन,

रेघ काढून टाकली असं वाटलं असेल तुला. नाही काढली. काढली तेव्हा कापड मेलं. पुन्हा घातली, जाड करून पाहिली, तर समितीच्या नोटिशीसारखी दिसायला लागली. चार तुकडे विणले, चारही उसवले. पाचव्या वेळी हात आपोआप पहिल्याच नक्षीकडे गेले आणि मी मागासमोर बसून राहिले. म्हटलं, दोष दोऱ्यात नाही. मी त्याच्यावर जी चिठ्ठी लावली, तिच्यात आहे.

मग चिठ्ठ्याच बदलल्या. काल बैठकीत वाचून दाखवल्या. हिरवा म्हणजे ओहोटीला धक्क्याच्या पायऱ्यांवर उघडं पडतं ते शेवाळ. निळा म्हणजे समुद्र, दुपारी तीननंतरचा, ज्यानं तो पाहिलाय त्याला कळेल. तांबूस म्हणजे कौलं. आणि पांढरी म्हणजे समुद्रावरून येणारं धुकं. माणसांना रंग वाटून दिलेले नाहीत, म्हटलं. कोणी कुठल्या रंगात, हे कापडानं सांगायचं नाही.

मिसेस गेडिस म्हणाल्या, पण मग मच्छीमार? मी म्हटलं, ते पायऱ्यांवरून घसरतातच ना? त्यांचे यजमान दोनदा घसरलेत, तेव्हा त्यांना पटलं.

मग काका उठला. मला वाटलं, आता झालं. तो दोन्ही हात टेबलावर टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "कोणीही घालू शकेल लिहिलंय. कोणीही म्हणजे कोणीही?"

"हो."

"गाव सोडून गेलेलाही?"

खोलीत सगळ्यांना कळलं तो कोणाबद्दल विचारतोय. मी म्हटलं, हो, काका, तोही.

"आणि मग मी यात कुठे?"

हे त्यानं तिरकसपणे विचारलं नाही, स्ट्रुअन. मी त्याचा चेहरा पाहिला. ऐंशी वर्षांचा माणूस, आयुष्यभर ज्याला आपली जागा माहीत होती, तो खरंच विचारत होता.  मागून, ऐकायला आलेल्या लोकांतून, निझार म्हणाला, "धुक्यात, टॉर्क्विलकाका. आमच्यासारखेच चाचपडत." आणि सगळे हसले. काकाही हसला, म्हणजे त्यानं नाकातून तो आवाज काढला, तुला आठवत असेल. बसला आणि बिस्किटांची ताटली निझारकडे सरकवली. टवका उडालेली ताटली आहे ती, हॉलची.

मी डायरीत हे लिहिताना दोनदा खोडलं. मला भीती वाटते की मी त्याला आहे त्यापेक्षा बरा रंगवतेय. त्यानं माफी मागितलेली नाही. माफी हा शब्द काकाच्या तोंडात दात होते तेव्हाही कधी शिरला नाही, आता कवळीला तरी कुठून जमणार?

तुझी,
मार्साली

पोर्टअर्डल, १२ जून

प्रिय स्ट्रुअन,

दोन गोष्टी घडल्या. त्यातली दुसरी पाकिटात आहे, ती आधी बाहेर काढू नकोस.

पहिली. कापडाचा मोठा ताणा मागावर चढवलाय. काका मागाच्या खोलीत आला. आजवर कधी आला नव्हता, 'बायकांची खोली' म्हणायचा. चष्मा लावून वाकला, बोटानं कापड चाचपलं. लाकूडकाम केलेली बोटं, बारीक पोत त्यांना चटकन कळतो. म्हणाला, "निव्वळ हिरवा कुठे आहे यात?"

मी दाखवलं. उभा हिरवा आडव्या हिरव्याला भेटतो तेवढ्याच चौकोनात. बाकी सगळीकडे त्याच्यात दुसरं काहीतरी आहे.

"म्हणजे एवढाच?"

"एवढाच. आपल्या कुळाच्या कापडातही एवढाच असतो, काका. तुमच्या अंगावर सत्तर वर्षं आहे."

त्यानं त्या चौकोनावर अंगठा ठेवून पाहिला. मग सरळ उभा राहिला, पाठ धरून, आणि म्हणाला, "त्याची कंबर किती?"

"कोणाची?"

"आता कोणाची म्हणून काय विचारतेस, पोरी." आणि निघून गेला. दार लावलं नाही. दार न लावणं ही त्याची जुनी सवय, पण या वेळी मीही लावलं नाही.

तुझी कंबर मला माहीत नाही. चौतीस होती. लिहून कळव. किल्ट शिवणारी रोडा विचारतेय असं समज, मी विचारतेय असं समज, ज्याच्याशी बोलणं कमी अवघड वाटेल तो विचारतोय असं समज.

दुसरी गोष्ट. मागच्या रविवारी आईनं काकाला जेवायला बोलावलं. खिमा आणि बटाटे, त्याला नाही म्हणता येऊ नये असं. जेवण झाल्यावर तिनं टेबल पुसलं आणि त्याच्यासमोर दफनाच्या दोरीची कोरी कार्डं ठेवली, कोणी कोणती दोरी धरायची ते लिहायची. त्याच्याच दुकानातली, काळ्या काठाची. म्हणाली, "माझी लिही."

मी घाबरले. काकाही. तो म्हणाला, "इशबेल, तुला काय झालंय?"

"काही झालेलं नाही. झाल्यावर मला सांगता येणार नाही, म्हणून आज सांगतेय. मागच्या वेळी मी लक्ष दिलं नाही."

एवढंच म्हणाली.  आईनं शेवटाकडून सुरुवात केली. आठवी मॉरागला, शेजारधर्म म्हणून. सातवी निझारला, कारण त्याचे हात कधी थरथरत नाहीत. अशी वर वर येत गेली. मुर्डोला तिसरी. दुसरी, पायांकडची, मला. "लहानपणापासून माझ्या पायांतच घुटमळत होती," म्हणाली. काका लिहीत होता. मग एक कार्ड उरलं.

"पहिली?" त्यानं विचारलं.

"ती तू सांग," आई म्हणाली.

मी सिंकपाशी उभी होते. मला त्याची पाठच दिसत होती. त्यानं पेन उचललं, खाली ठेवलं, रुमालानं पेनाचं टोक पुसलं. आपल्याकडे शवपेटीचं चित्र असतं ना त्या कार्डावर, आणि तुमची जागा कुठे ते दाखवलेलं, तिथं त्यानं डोक्याकडे खूण केली. नाव लिहिलं. नात्याच्या रकान्यापाशी थांबला. मग तेही लिहिलं आणि कार्ड आईकडे न देता माझ्याकडे दिलं. "टपालात टाक," म्हणाला, "घडी घालू नकोस."

आता बाहेर काढ.

हे तुला पाठवावं की नाही यावर मी दोन दिवस घातले. आईच्या मरणाचं कार्ड भेट म्हणून धाडणारं आपलं घर कोणत्या प्रकारचं आहे, असा प्रश्न तुला पडेल, मलाही पडला. आईला म्हटलं, त्याला वाटेल तू आजारी आहेस, घाबरून येईल. आई म्हणाली, "तसं लिही की मी ठणठणीत आहे. हे बोलावणं नाही. जागा धरून ठेवलीय."

तर ती ठणठणीत आहे. सकाळी कोंबड्यांच्या मागे धावली. पण ते अक्षर कोणाचं आहे ते बघ. 'स्ट्रुअन गिलँडर्स.' आणि खाली, 'थोरला मुलगा.' त्याच्या अक्षरात 'थोरला' कसा दिसतो ते मी आजपर्यंत पाहिलं नव्हतं.

तुझ्या वाट्याचं नवं कापड मी टपालानं पाठवणार होते. आईनं मना केलं. "येऊन नेसेल," म्हणते.

तुझी,
मार्साली

पोर्टअर्डल, ६ ऑगस्ट

प्रिय स्ट्रुअन,

हे पत्र तू निघण्याआधी तुला मिळेल की नाही शंका आहे. तरी लिहिते, हाताला सवय लागलीय.

तुझं दुसरं कार्ड आलं. या वेळी पोस्टमन वाचून झाल्यावर फाटकाशीच थांबला, आईचं तोंड बघायला. "अडतीस. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात येतो. आईला सांग, ती दोरी मी इतक्यात धरणार नाही." आईनं ते फ्रिजवर लावलंय, दोन चुंबकांनी, एक पुरणार नाही असं तिला वाटतं.

बंदराचा दिवस तुझ्याविना झाला, त्याचं तू वाईट वाटून घेऊ नकोस. कापडाच्या ताग्यातून आम्ही सगळ्यांना पट्टे कापून दिले. ज्यानं त्यानं हवे तिथे बांधले, गळ्याला, दंडाला, एकीनं कुत्र्याला. निझारच्या मुलीनं केसांत बांधला आणि मला विचारलं, यातली मी कुठली? मी म्हटलं, तू सांग. ती म्हणाली, "आज निळी," आणि पळाली. उद्याचं तिनं अजून ठरवलेलं नसावं.

तुझ्या वाट्याचं कापड रोडाकडे आहे. अडतीस ऐकून काका म्हणाला, "म्हणजे खातो नीट. चुणीत दोन बोटं जास्त ठेव म्हणावं, इथं आल्यावर इशबेल वाढायची थांबणार आहे का?"

आणि आज सकाळचं, ज्याच्यासाठी खरं तर हे पत्र. आईनं कपाटातली तुझी जुनी किल्ट काढली. कंबरेला सैल करता येते का बघू म्हणाली, पण आधी वारा लागू दे. तारेवर घातली, रस्त्याच्या बाजूला, अख्ख्या शोअर स्ट्रीटला दिसेल अशी. मुद्दाम. मी म्हटलं, आई, मागच्या अंगणात घाल. ती म्हणाली, "का? चोरीची आहे?"

दुपारी धुकं आलं. तुला माहीत आहे कसं येतं, एका क्षणी बंदर आहे आणि दुसऱ्या क्षणी नाही. मी आतून दार उघडेपर्यंत फाटक वाजलं. काका दुकानातून पाव घेऊन परत चालला होता. त्यानं पाव कुंपणावर ठेवला, दोन्ही हातांनी किल्ट तारेवरून काढली, चुण्या चुरगळू नयेत म्हणून हातावर आडवी घेतली, आपण झोपलेलं मूल घेतो तशी, आणि दारात येऊन मला दिली.

"स्ट्रुअनची आहे," म्हणाला. "ओली होईल."

मग पाव घ्यायला परत गेला, आणि धुक्यात तो त्याला लवकर सापडेना.

तुझी,
मार्साली